नांवें अनेक, वस्तु एक

मोजण्याची हौस मनुष्यास फार, पण आपण नेमकें काय मोजलें हें तपासून पाहण्याची संवय त्या मानानें थोडी. गांवांत देवळें किती, दाव्यांत साक्षीदार किती, ग्रंथालयांत पुस्तकें किती, असे प्रश्न आपण सहज विचारतों आणि आंकडा हातीं आला कीं समाधान पावतों. तो आंकडा वस्तूंचा आहे कीं वस्तूंच्या नांवांचा, ही शंका क्वचितच कोणाच्या मनांत येते. एका वस्तूस दहा नांवें असलीं तर आपण खुशाल दहा वस्तु मोजतों, आणि त्यांतील एक नांव पुसलें तर नऊ उरल्या असें समजतों. ही चूक केवळ हिशेबाची असती तर तिच्यावर चार पानें खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु तींत नीतीचा एक प्रश्न गुंतलेला आहे, आणि त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

या प्रश्नाचें अत्यंत स्वच्छ रूप पाहावयाचें असेल तर तें संगणकाच्या कोठारांत पाहावें. त्याचें व्यवहारांतील अधिक गढूळ रूप पाहावयाचें असेल तर बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या तळ्याकडे वळावें. आम्ही आधीं कोठाराकडे जातों.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची संगणकव्यवस्था रचण्यास आरंभ केला. आज जगांतील बहुतेक मोठे संगणक तिच्याच वळणावर चालतात, आणि खेड्यापाड्यांतून हातोहातीं दिसणाऱ्या अँड्रॉइड फोनच्या पोटांतहि त्याच वळणाचें लिनक्स असतें. या व्यवस्थेंत एक गोष्ट अशी आहे कीं जी प्रथम ऐकणारास विलक्षण वाटते: फाइलीचें नांव फाइलीपाशीं नसतें. फोल्डर ही एक साधी वही आहे. तिच्या एका रकान्यांत नांव व दुसऱ्या रकान्यांत एक क्रमांक, एवढाच तिचा मजकूर. तो क्रमांक ज्या नोंदीकडे नेतो तिला आयनोड म्हणतात. या नोंदींत फाइलीचा मालक कोण, ती वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार कोणास, तिचा आकार किती, ती केव्हां बदलली, तिचा मजकूर तबकडीवर कोठें कोठें मांडला आहे, हें सर्व असतें. नसतें तें एकच, नांव. या शब्दांतील पहिल्या अक्षराचा अर्थ काय असें रिची यांस पुढें विचारण्यांत आलें, तेव्हां आपणांसहि तें निश्चित ठाऊक नाहीं, बहुधा 'इंडेक्स' म्हणजे सूचि असा असावा, असें त्यांनीं सांगितलें. जी नोंद नांव बाळगीत नाहीं तिच्याच नांवाचा उगम तिच्या जनकास नीट सांगतां येऊं नये, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

नांव व वस्तु यांची अशी फारकत केल्यावर पुढील गोष्ट ओघानेंच येते. दोन निरनिराळ्या वह्यांत, दोन निरनिराळ्या नांवांपुढें, एकच क्रमांक लिहितां येतो. त्यास हार्ड लिंक म्हणतात. समजा, एका शाळेच्या संगणकांत परीक्षेचा निकाल 'वर्ग' या वहींत एका नांवानें आहे व 'कार्यालय' या वहींत दुसऱ्या नांवानें. दोहोंपुढें क्रमांक तोच. मग यांतील मूळ कोणतें व जोडलेलें कोणतें? या प्रश्नास उत्तर नाहीं. एक नांव आधीं लिहिलें गेलें असेल, दुसरें मागाहून. पण लिहून झाल्यावर दोहोंचा अधिकार सारखा. वडील मुलगा आणि धाकटा मुलगा असा भेद तेथें उरत नाहीं. वर्गशिक्षकानें आपल्या नांवानें फाइल उघडून एक गुण तेथल्या तेथें बदलला कीं कार्यालयाच्या नांवाखालींहि तो बदललेलाच दिसतो. कारण बदलण्यास तेथें दुसरें कांहीं नाहींच. अधिकाराचें कुलूपहि नांवास नसून वस्तूस असतें, म्हणून एका नांवानें तें घातलें तर दुसऱ्या नांवानेंहि तें घातलेलेंच आढळतें. 'मी फक्त माझ्याकडचें बदललें' हें वाक्य येथें निरर्थक होतें.

नाश कसा होतो हेंहि पाहण्यासारखें आहे. फाइल पुसण्याची आज्ञा दिली असतां संगणक फाइल पुसत नाहीं. तो वहींतील नांवाची ओळ तेवढी काढतो. या क्रियेस त्या व्यवस्थेंत 'अनलिंक', म्हणजे दुवा सोडविणें, असेंच म्हणतात. आयनोडमध्यें आपणांस नांवें किती याचा आंकडा असतो; तो एकानें कमी होतो. तो शून्यावर आला, आणि त्या क्षणीं कोणताहि कार्यक्रम ती फाइल उघडून बसलेला नसला, म्हणजेच मजकुराची जागा मोकळी केली जाते. शेवटचें नांव गेलें तरी कोणी वाचीत असेल तोंवर वस्तु जिवंत राहते, हा नियम करणारांनीं सोयीसाठीं केला असेल. पण त्यांत एक प्रकारची माणुसकी आहे, असें आम्हांस वाटतें.

या खऱ्या नामैक्याहून दोन गोष्टी निराळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली नक्कल. नकलेंत मजकूर अक्षरशः तोच असतो, पण क्रमांक निराळा. एकींत केलेला बदल दुसरीस कळत नाहीं. मजकुराचें साम्य म्हणजे वस्तूचें ऐक्य नव्हे. दुसरी गोष्ट सॉफ्ट लिंक. ती वस्तूकडे जात नाहीं. ती दुसऱ्या नांवाकडे बोट दाखविते. तें दुसरें नांव पुसलें गेलें कीं हें बोट हवेंत राहतें. ज्या वऱ्हाडांत बुलढाणा जिल्हा मोडतो त्या वऱ्हाडाच्याच इतिहासांत याचा दाखला आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवालीं केला. १९०३ पासून वार्षिक २५ लक्ष रुपये खंडावर तो त्यांजकडे कायमचा राहिला. मुलूख इंग्रजांच्या हातीं, आणि नांवाचें स्वामित्व तेवढें हैदराबादेस. १९३६ सालीं निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवीहि मिळाली. तें नांव मुलुखावर नव्हतें, करारावर होतें. करार ज्या राज्यांशीं बांधलेला होता तीं राज्येंच संपलीं, तेव्हां पदवी उरली आणि तिनें दाखविलेली वस्तु उरली नाहीं.

एका वस्तूस दोन नांवें असूं शकतात, व तीं दोन्हीं एकाच वस्तूचीं आहेत हें कळणें ही नवी माहिती असते, हा विचार जर्मन तत्त्वज्ञ फ्रेग यानें १८९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत मांडला. पहांटेचा तारा व सायंकाळचा तारा हीं दोन नांवें आकाशांतील एकाच गोलाचीं आहेत, हें त्याचें उदाहरण. मराठी मनुष्यास तें थोडें फिकें वाटेल, कारण आपण दोन्ही वेळीं त्यास शुक्राची चांदणीच म्हणतों. पण ज्यानें प्रथम तीं दोन एक म्हणून ओळखलीं त्यास किती रात्री आकाश पाहावें लागलें असेल, याची कल्पना केली म्हणजे शोधाचें मोल ध्यानांत येतें. नांवें जवळ ठेवून तीं एक आहेत असें कळत नाहीं; वस्तूपर्यंत जावें लागतें.

संगणकांत वस्तूपर्यंत जाण्याची वाट ठरलेली आहे. 'एल एस' या आज्ञेस 'आय' ही खूण जोडली कीं प्रत्येक नांवापुढें त्याचा क्रमांक दिसतो. 'स्टॅट' ही आज्ञा त्या क्रमांकाबरोबर नांवांचा आंकडाहि सांगते. तो एकाहून अधिक दिसला कीं समजावें, आपल्या हातांतील नांवाखेरीज या वस्तूस आणखीहि कोठें नांव आहे. पण कोठें? येथें या सर्व रचनेंतील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट येते. आयनोडला आपलीं नांवें किती हें ठाऊक असतें. तीं कोणतीं, हें ठाऊक नसतें. नांवाकडून वस्तूकडे जाणारा रस्ता आहे, वस्तूकडून नांवाकडे येणारा नाहीं. म्हणून नांवें शोधावयाचीं तर एकच उपाय: कोठारांतील प्रत्येक वही उघडून प्रत्येक ओळींतील क्रमांक ताडून पाहणें. 'फाइंड' या आज्ञेस 'सेमफाइल' ही अट घालून हेंच काम करविलें जातें. ती आज्ञा कितीहि चपळ असली तरी करते तें दारोदार फिरण्याचेंच काम.

या फिरण्यास दोन मर्यादा आहेत. एक अशी कीं, क्रमांक हा एका कोठारापुरताच खरा. दुसऱ्या तबकडीवर तोच क्रमांक अगदीं निराळ्या फाइलीचा असतो, आणि म्हणूनच हार्ड लिंक एका कोठाराबाहेर जाऊं शकत नाहीं. ज्यांनीं सातबारा पाहिला आहे त्यांस हें समजावून सांगावयास नको. गट क्रमांक ४५ म्हटल्यानें जमीन ठरत नाहीं. मौजे कोणतें, तालुका कोणता, हें सांगावें लागतें. दुसरी मर्यादा अधिकाराची. ज्या वहीस आपणांसाठीं कुलूप आहे ती उघडतां येत नाहीं, आणि तींत नांव असलें तर तें आपणांस सांपडत नाहीं. अशा वेळीं आयनोडमधील आंकडा हाच एक साक्षी. आंकडा तीन म्हणतो आणि आपणांस नांवें दोनच मिळालीं, तर शोध पुरा झाला नाहीं, हें निश्चित.

आतां लोणारकडे येऊं. दख्खनच्या काळ्या कातळांत पडलेलें हें सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचें वाटोळें विवर, आणि त्याच्या तळाशीं खारट व तीव्र क्षारधर्मी पाण्याचें तळें. भाविकाच्या वहींत तें लोणासुराचें स्थान आहे. विष्णूनें त्या दैत्यास मारलें ही कथा तो सांगतो, गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ दाखवितो, कांठावरच्या कमळजादेवीस हात जोडतो, आणि गोमुखाच्या धारेखालीं स्नान करतो. भूशास्त्रज्ञाच्या वहींत तें आघातविवर आहे. एके काळीं ज्वालामुखीचें मुख मानलेलें, आणि १९७० नंतरच्या संशोधनानें उल्कापाताचें म्हणून ओळखलेलें. वनखात्याच्या वहींत तें अभयारण्य आहे. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय वहींत, म्हणजे रामसर यादींत, २०२० पासून त्याचें नांव आहे. महसुलाच्या दप्तरांत गट क्रमांक आहेत, आणि गुराख्याच्या बोलण्यांत तें नुसतें तळें आहे. एका वहीचें पान उघडलें म्हणून दुसरीचें समोर येतेंच असें नाहीं. वस्तूकडून नांवांकडे जाणारा रस्ता येथेंहि नाहीं; तळें स्वतः कांहीं सांगत नाहीं.

येथें एक आक्षेप येण्याजोगा आहे, व तो हलका नाहीं. संगणकांत क्रमांक मनुष्यानेंच दिलेला असतो, म्हणून ऐक्याची परीक्षा सोपी. तळ्यावर कोणीं क्रमांक कोरून ठेवला आहे? भाविकाचें तीर्थ आणि शास्त्रज्ञाचें विवर हीं एकच वस्तु आहेत, असें म्हणण्यास आधार काय? एकास तेथें पुण्य दिसतें, दुसऱ्यास वितळून गोठलेला कांचेसारखा खडक दिसतो. ज्याची त्याची वस्तु निराळी, असें कां म्हणूं नये?

याचें उत्तर आम्ही संगणकाकडूनच घेतों. क्रमांक दिसत नसला तरी ऐक्याची दुसरी कसोटी आहे: एका नांवानें केलेला बदल दुसऱ्या नांवाखालीं दिसतो कीं नाहीं? जून २०२० मध्यें लोणारचें पाणी गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें कीं, खारेपणा वाढल्यानें त्यांत लवणप्रिय सूक्ष्मजीव माजले व त्यांच्या रंगानें पाणी रंगलें. तें पाणी केवळ जीवशास्त्रज्ञाच्या वहींत गुलाबी झालें नाहीं. देवीच्या पायाशीं तें गुलाबी होतें, अभयारण्यांत गुलाबी होतें, आणि तळ्याच्या संरक्षणाचा प्रश्न ज्या नागपूर खंडपीठापुढें जनहित याचिकेनें गेलेला होता त्याच्या कागदपत्रांतहि गुलाबीच झालें. पुण्य आणि क्षार हे दोन अर्थ असतील, पण पाणी एक आहे. अर्थांची वांटणी करतां येते. परिणामांची येत नाहीं.

आणखी एक कसोटी वादाची. लोणारचें वय उष्मादीप्तीच्या पद्धतीनें मोजणारांनीं सुमारें ५२ हजार वर्षें सांगितलें. आर्गॉनच्या मोजणीनें २०११ सालीं तें सुमारें ५ लक्ष ७० हजार वर्षें निघालें. या दोन आंकड्यांत विरोध आहे असें आपण म्हणतों तें कां? दोन विवरें असतीं तर दोन्ही आंकडे सुखानें नांदले असते. विरोध उत्पन्न होतो तो वस्तु एक असल्यामुळेंच. म्हणजे भांडणारे दोन्ही पक्ष, भांडतांना कां होईना, ऐक्याची कबुली देतच असतात. उलट, चंद्रावरहि काळ्या कातळांत अशींच विवरें आहेत, व त्यांच्याशीं तुलना करण्यासाठींच लोणारचा अभ्यास झाला आहे. पण तीं लोणारशीं कितीहि जुळलीं तरी तो केवळ आकाराचा सारखेपणा. तेथें जें घडतें तें येथें घडत नाहीं. साम्याच्या मोहानें जसें दोहोंस एक म्हणूं नये, तसें नांवांच्या भेदानें एकास दोन म्हणूं नये.

आतां नीतीकडे वळूं. ऐक्य न ओळखल्यानें तीन प्रकारचें नुकसान होतें.

पहिलें, खोट्या विपुलतेचें. जागा वांचविण्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं रोजच्या जतनप्रतींत न बदललेली फाइल पुन्हां न उतरवितां हार्ड लिंकनें जोडली जाते. युक्ति उत्तम आहे. पण तीस दिवसांच्या तीस वह्या पाहून जो म्हणतो कीं आपल्यापाशीं तीस प्रती आहेत, तो फसतो. तबकडीच्या त्या एका जागीं बिघाड झाला कीं तीसहि नांवें एकदम बिघडतात. लोकव्यवहारांत हेंच नित्य घडतें. एकाच तोंडची बातमी दहा जणांनीं पुढें पाठविली कीं ती दहा ठिकाणाहून आली असें मानून आपण तिच्यावर विश्वास ठेवतों. साक्षीदार दहा दिसतात; त्या सर्वांपुढला क्रमांक एकच असतो. मोजणारानें प्रथम क्रमांक पाहावा, मग संख्या सांगावी.

दुसरें, खोट्या सुधारणेचें. कित्येक लेखन-कार्यक्रम फाइल जागच्या जागीं बदलीत नाहींत. ते नवी फाइल लिहून तिला जुनें नांव देतात. अशानें दुवा नकळत तुटतो. सुधारणारास वाटतें, आपण चूक दुरुस्त केली. वास्तविक त्यानें आपल्यापुरती निराळी वस्तु केलेली असते, आणि दुसऱ्या नांवानें पाहणाराच्या हातीं जुनी चूक तशीच राहते. आपल्या वहींतला शब्द बदलून जग बदललें असें मानणारे सुधारक थोडे नाहींत. सुधारणा वस्तूंत झाली कीं नांवापुरती झाली, हें पाहण्याची खूण एकच: दुसऱ्याच्या नांवानें जाऊन पाहणें.

तिसरें नुकसान सर्वांत गंभीर. तें खोट्या स्वामित्वाचें. माझ्या वहींत नांव आहे, म्हणून वस्तु माझी. मी तिचें काय वाटेल तें करीन, असें म्हणणाऱ्यास इतर नांवांची जाणीवच नसते. तळ्याच्या बाबतींत हें रोज दिसतें. ज्यास तें केवळ सहलीचें ठिकाण आहे तो तेथें कागद व बाटल्या टाकून जातो. ज्यास तें केवळ उतारावरचा खळगा आहे तो सांडपाणी तिकडे सोडतो. यांतील कोणीहि तीर्थ बाटविण्याचा, विवर बिघडविण्याचा वा पाखरांस उपाशी मारण्याचा हेतु धरीत नाहीं. तो आपल्या नांवानें आपल्या वस्तूशीं वागतो, इतकेंच. पण वस्तु एक असल्यामुळें तो सर्वांच्या वस्तूशीं वागत असतो.

यावर कोणी म्हणेल, मग कोणतीहि वस्तु हलविण्यापूर्वीं साऱ्या जगास विचारीत फिरावें काय? नाहीं. ज्या फाइलीचा आंकडा एक आहे तिच्याविषयीं शोध करण्याचें कारण नाहीं. ती खरोखरच एका नांवाची आहे. आणि आंकडा मोठा असला तरी आपल्या वहींतील नांव काढण्यास हरकत नाहीं. नांव काढल्यानें इतरांचें कांहीं जात नाहीं. ज्यास तळें आवडत नाहीं त्यानें तिकडे न जावें. काळजी घ्यावयाची ती दोनच प्रसंगीं: वस्तु आंतून बदलतांना, आणि आपलें नांव शेवटचें असण्याचा संभव असतांना. पहिल्या प्रसंगीं आपण दुसऱ्यांच्या वतीनें बदल करीत असतों; दुसऱ्या प्रसंगीं आपल्या हातून वस्तूचाच अंत होत असतो.

आयनोडमधील तो लहानसा आंकडा आम्हांस म्हणूनच मोलाचा वाटतो. तो कोणाचें नांव सांगत नाहीं, कोणाचा पत्ता देत नाहीं. तो एवढेंच म्हणतो कीं, तुझ्याखेरीज आणखी कोणी आहे. व्यवहारांतील वस्तूंवर असा आंकडा लिहिलेला नसतो. तेथें तो आपणच मनांत धरावा लागतो, आणि बहुधा आपण धरतों त्याहून तो मोठा असतो. सर्व वह्या उघडणें कोणासच शक्य नाहीं. कांहींस कुलपें आहेत, कांहीं अजून लिहिल्याच गेल्या नाहींत. तरीहि शोध पुरा झाला नाहीं हें ज्यास ठाऊक आहे त्याचा हात, ज्यास तें ठाऊक नाहीं त्याच्या हातापेक्षां, वस्तूवर जपून पडतो. लोणारच्या कांठावर उभें राहणाऱ्यानें इतकें स्मरणांत ठेवलें तरी पुरे.